दोरगल्लीची शटरं

आदिलाबादच्या दोरगल्लीत एक रीत होती. भर धंद्याच्या वेळी एखाद्या दुकानाचं शटर खाली आलं की शेजाऱ्यानं आपलंही खाली ओढायचं, मग त्याच्या शेजाऱ्यानं, आणि बघता बघता सगळी गल्ली बंद. कोण गेलं, कसं गेलं, हे त्या वेळी विचारायचं नाही. नाव मागाहून कळतंच. "खरंच गेले का हो?" असं दारात उभं राहून विचारणारा माणूस या गल्लीत आजवर निपजला नव्हता, आणि निपजला असता तर भागाबाईनं त्याला तिथं टिकू दिलं नसतं.

भागाबाईचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, पोळ्याच्या झुली. नवरा दादाजी गेल्यापासून गल्ल्यावर तीच बसायची. दादाजी गेला त्या दिवशी सगळ्यात आधी शटर ओढलं होतं समोरच्या भांडेवाल्या केशवरावांनी. बाकीच्यांनी त्यांचं पाहून ओढलं. भागाबाई ते विसरली नाही. तेव्हापासून गल्लीत कोणाकडे काही झालं की पहिलं शटर तिचं पडायचं, आणि तिचं पडलं म्हणजे पुढं कोणी शंका काढायची नाही.

धंदा म्हणाल तर सगळ्यांचाच बसला होता. तलमडुगुकडच्या खेड्यांतली माणसं पोळ्याच्या आधी बैलगाड्या जोडून यायची, गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. आता ट्रॅक्टरला कोण घुंगरमाळ बांधतो? नायलॉनचा दोर किराणा दुकानात मिळतो, स्टीलचे डबे हायवेवरच्या मोठ्या मॉलमध्ये, आणि ब्लाऊजसुद्धा मेले शिवलेलेच घरपोच येतात. पंढरी शिंपी दिवसभर मशीनवर डोकं ठेवून झोपायचा. वच्छलाबाईच्या बांगड्यांवर धूळ बसायची आणि ती दिवसातून चारदा पुसायची, कारण दुसरं कामच नव्हतं.

अशात बातमी आली की मुन्सिपाल्टी दोरगल्ली नव्यानं बांधणार. रुंद रस्ता, नाली, दिवे, आणि दोन्ही बाजूंनी पक्के गाळे. जी दुकानं चालू आहेत त्यांच्या शटरवर सर्वेवाले हिरवी खूण करणार, त्यांना गाळ्यात जागा मिळणार. जी बंद पडली आहेत त्यांच्यावर लाल खूण, म्हणजे ती जागा रिकामी धरली. सर्वे कोणत्या दिवशी, ते कोणी सांगेना. एवढंच कळलं की या आठवड्यात. मग काय विचारता! ज्यांना ताप होता ते तापात येऊन बसले. मंगळवारची सुट्टी सगळ्यांनी मोडली. केशवराव तेवढे नव्हते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच ठरलं होतं, लेक रंजीता त्यांना नागपूरला घेऊन गेली होती. जाताना किल्ली भागाबाईकडे देऊन म्हणाले, "वहिनी, रोज सकाळी उघडून ठेवजा मायं दुकान. चोरी झाली तं होऊ द्या, पन लाल खून नका होऊ देऊ." भागाबाई रोज आधी त्यांचं उघडायची, मग आपलं.

बुधवारी सकाळी तिचा मुलगा सुरेंद्र मोटारसायकलवरून आला. सुरेंद्र प्लॉटांची दलाली करायचा. शर्टाला इस्त्री, कानाला फोन, ऑफिसातल्या माणसांत ऊठबस. दुकानात सहसा फिरकायचा नाही. आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"माय, केशवकाका गेले म्हनते."

"कुठं गेले?"

"गेले म्हंजे गेले. नागपूरले. ऑपरेशन झालं अन् पहाटे छातीत दुखलं. मले आत्ताच फोन आला. संध्याकाळपर्यंत घेऊन येतीन."

भागाबाईच्या हातातली झूल गळून पडली. चार दिवसांपूर्वी हा माणूस इथं उभा राहून किल्ली देऊन गेला! ती कशीबशी उठली, समोर जाऊन केशवरावांचं शटर खाली ओढलं, मग येऊन आपलं ओढलं. त्या आवाजानं पंढरी जागा झाला.

"काकू," तो बाहेर येऊन हळूच म्हणाला, "आज जर सर्वेवाले आले तं?"

एरवी गरीब स्वभावाची ती बाई, पण अशी फिरली त्याच्यावर! "मानूस गेलं अन् तुले सर्वे सुचते? लाज नाई वाटत? तुया बाप गेला तवा कोनी घड्याळ पाह्यलं होतं काय?"

पंढरीनं निमूट शटर ओढलं. मग वच्छलाबाईनं ओढलं, मग त्यापुढच्यांनी, आणि गल्ली मिटली. पंढरीनं रंजीताला एकदा फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा कोणी लावला नाही. बाप गेलेल्या पोरीला काय विचारायचं? ती रडत असेल का फोन उचलेल?

केशवरावांचं घर मागच्या गल्लीत, आणि अंगण सगळ्यांत मोठं म्हणून दोरगल्लीतल्या कोणाचीही तिरडी तिथंच बांधली जायची. बायकांनी अंगण धुतलं, खाट बाहेर काढली. माणसं बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या घेऊन आली. वच्छलाबाईचं आणि केशवरावांचं आयुष्यभर पटलं नव्हतं. त्यांचे हंडे तिच्या पायरीवर येतात म्हणून रोज तोंडातोंडी व्हायची. तीच सगळ्यात मोठ्यानं रडत होती. "देवमानूस होता वं! कधी वर डोळा करून बोलला नाई!" असं ऐकून दोघा-तिघांना त्या दुःखातही खोकला आला. पंढरी अंगणात बसून तिरडीला सुतळीचे वेढे देत होता. हात शिंप्याचा, त्यामुळे गाठी अगदी सुबक येत होत्या.

दुपार कलली तेव्हा एक ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. कोणी लक्ष दिलं नाही. त्यातून काळा चष्मा लावलेला म्हातारा उतरला, काठी टेकत अंगणाच्या दारात आला, बांबू पाहिले, चपला काढल्या आणि येऊन पंढरीच्या शेजारी मांडी घालून बसला. येताना गल्लीतली सगळी शटरं पडलेली त्यानं पाहिली होती. या गल्लीतला माणूस, विचारणार कसा? त्यानं एक लांब सुस्कारा सोडला.

"वाईट झालं," म्हणाला.

"लई वाईट," पंढरी सुतळी ओढत म्हणाला.

"कवा आनून राह्यले?"

"नागपूरहून निघाले म्हनते."

"नागपूरले गेले काय? अरेरे. मी बी तिथंच होतो, मले कोनी सांगतलं नाई."

पंढरीनं मान वर केली. हातातली सुतळी तशीच राहिली, तोंड उघडं पडलं आणि बंद होईना. मग त्यानं जी किंकाळी फोडली ती ऐकून वच्छलाबाई रडता रडता वळली आणि जागच्या जागी मटकन बसली. तिची दातखिळीच बसली. कोणाच्या हातून मडकं सुटून फुटलं. दोघं जण तर चक्क कुंपणावरून पळाले. भागाबाई खाटेच्या पायाशी उभी होती. ती नुसती बघत राहिली.

"अरे, झालं काय?" केशवराव चष्मा सावरत म्हणाले. "गेलं कोन?"

शेवटी वच्छलाबाईलाच वाचा फुटली. "तुमी!"

मागून रंजीता पिशवी घेऊन आली, अंगणातली तिरडी पाहिली आणि तिनं जे तोंडसुख घेतलं ते दोरगल्लीनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. प्रवासात फोनची बॅटरी संपली होती, एवढीच काय ती गोष्ट. केशवराव मात्र तिरडीजवळ गेले, चष्मा वर करून एक एक गाठ नीट पाहिली आणि म्हणाले, "पंढऱ्या, माया पायजम्याले अशी शिलाई कधी मारली नाईस लेका." आणि मग अंगण जे हसलं! रडणारे हसत होते, हसता हसता पुन्हा रडत होते. भागाबाईनं केशवरावांच्या काठीचा हात धरला तो सोडलाच नाही. या आनंदात आपण कोणाचं ऐकून शटर पाडलं, हे तिच्या मनातही आलं नाही.

"चला, आधी मायं दुकान उघडू," केशवराव म्हणाले. "मेलेल्या मानसानं दुकान उघडलेलं पाह्यलं नसन कोनी."

सगळी वरात हसत-खिदळत दोरगल्लीत शिरली आणि तिथंच थबकली.

केशवरावांच्या शटरवर लाल रंगाची मोठी फुली होती. पंढरीच्या शटरवर लाल, वच्छलाबाईच्या शटरवर लाल. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथं लालच. रंग अजून ओला होता, फुल्यांखाली ओघळ उतरले होते. पंढरीनं आपल्या फुलीला बोट लावलं आणि ते बोट डोळ्यांसमोर धरून तो वेड्यासारखा बघत राहिला.

"अव माय," वच्छलाबाई म्हणाली, "हे काय झालं वं?"

हसणं कुठल्या कुठं गेलं. इतके दिवस तापात, सुट्टीत, उपाशी बसून ज्याची वाट पाहिली ते सर्वेवाले आले, गल्ली बंद पाहिली आणि खुणा करून निघून गेले. कोणी म्हणालं, आपण बरबाद झालो.

आणि मग पंढरी भागाबाईच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. "काकू," त्याचा आवाज विचित्र येत होता, "तुमचं हिरवं हाय."

भागाबाईनं पाहिलं. तिच्या शटरवर स्वच्छ हिरवी खूण होती. तिला वाटलं आपले डोळे फसवताहेत. सकाळी स्वतःच्या हातानं शटर ओढलं होतं, कुलूप लावलं होतं, किल्ली कमरेला होती. दुसरी किल्ली घरी असायची. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती.

"केशवभाऊ गेले हे तुमाले कोनं सांगतलं?" वच्छलाबाईनं विचारलं. दोरगल्लीत असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात होता.

"फोन आलता," भागाबाई म्हणाली.

"कोनाचा?"

"नंबर नाई पाह्यला."

केशवरावांनी काळ्या चष्म्यामागून तिच्याकडे पाहिलं. भागाबाईला मोबाईल वापरता येत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते काठी टेकत आपल्या शटरकडे वळले.

संध्याकाळी घरी सुरेंद्र जेवत होता. सून सपना वाढत होती. भागाबाई दारातच उभी राहिली.

"दुकान तू उघडलंतं?"

तिला वाटलं होतं तो नाही म्हणेल. तो नाही म्हणावा म्हणून रस्ताभर तिनं देवाला हात जोडले होते. पोराला कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल, बिचारा फसला असेल, असंच ती स्वतःला समजावत आली होती.

"हाव," सुरेंद्र म्हणाला आणि घास घेतला. "सर्वेवाले येऊन गेले का पुन्हा बंद केलं."

"तुले माहीत होतं ते आज येनार?"

"माय, गाळे निंघून राह्यले बारा. दुकानं हायेत सतरा. पाच जन घरी जानारच होते. त्यात तू असती तं? बैलाची झूल विकनाऱ्या म्हातारीले कोन ठेवते? आता तू एकटीच चालू हाय. कोपऱ्याचा गाळा तुयाच. बाकीचे गाळे बाहेरच्या पार्ट्यायले जातीन, माया हातून जातीन. तुयासाठीच केलं न मी."

"अन् केशवभाऊले मारलं?"

"मारलं कुठं? निसतं सांगतलं. आले न जिते परत? काय बिघडलं त्यायचं?"

भागाबाईनं चौकट धरली. या पोराच्या तोंडावर जराही लाज नव्हती. उलट आईनं खूश व्हावं अशी वाट बघत होता तो.

"तुले कसं माहीत का समदे शटर पाडतीन?"

"तू पाडलं का समदे पाडते," सुरेंद्र म्हणाला. "विचारत तं कोनी नाई. लहानपनापासून पाहून राह्यलो न मी."

भागाबाई आत गेली आणि दादाजीच्या फोटोखाली बसून राहिली. रडू येत नव्हतं. एकुलतं एक पोर. नवसाचं. त्याला हे सुचलं, आणि सुचलं ते आपल्याचकडे पाहून! दादाजी गेला तेव्हा सगळी गल्ली आपल्यासाठी अंधारली होती, हे त्याला सांगत सांगत आपण त्याला वाढवलं. त्यातून पोरानं हे उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं सर्वेच्या साहेबाला बोलावून आणलं. साहेब तरुण, तेलुगू बोलणारा, मराठी त्याला येत नव्हतं म्हणून हिंदीत बोलायचा. माणूस वाईट नव्हता. सगळी दुकानं उघडी होती, सगळे एकदम बोलत होते.

"बंद था तो बंद लिखा," तो कान झाकून म्हणाला. "आप बोलते मौत हुई थी. किसकी हुई थी?"

सगळ्यांनी केशवरावांकडे बोट दाखवलं. केशवरावांनी चष्मा काढून नमस्कार केला.

साहेबानं हातातला कागद खाली केला. "मैं ऊपर ये लिखूँ? मरनेवाला सामने खड़ा है?" मग त्यालाच दया आली असावी. "देखो, किसीने धोखा देके बंद कराया, ऐसा है तो नाम बोलो. मैं आज ही निशान बदलता. नाम नहीं, तो सब ऐसाच बोलेंगे, मेरे हाथ में कुछ नहीं."

गल्लीच्या तोंडाशी सुरेंद्र मोटारसायकलवर बसून फोनवर बोलत होता. त्याचा फोन हळूहळू कानावरून खाली आला. पंढरीनं भागाबाईकडे पाहिलं आणि मान फिरवली. वच्छलाबाई पदराशी चाळा करत होती. त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं, आणि एकाच्याही तोंडून नाव निघत नव्हतं.

"जाऊ द्या साहेब," केशवराव म्हणाले. "कोनाची तरी चूक झाली असन. मी म्हातारा मानूस, मायं दुकान गेलं तं गेलं."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. भागाबाईनं ते ऐकलं. हा माणूस माझ्यासाठी आपलं दुकान सोडतोय. काल ज्याची तिरडी बांधली तोच.

ती पुढं झाली. तिचा आवाज दोरगल्लीच्या दोन्ही टोकांना गेला.

"मेरा लड़का बोला, साब. सुरेंद्र. मालूम था उसको, झूठ है. जानबूझके बोला." मग तिनं मागं वळून आपल्या शटरकडे हात केला. "अन् हे हिरवं बी खोटं हाय. हमारा बी बंद था. समदे के साथ बंद था."

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सुरेंद्रनं एकदा आईकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसत नव्हता. मग तो गेला. भागाबाईनं त्या बाजूला पाहिलं नाही.

साहेबानं शब्द पाळला. त्याच्या माणसांनी रॉकेलच्या बोळ्यानं एक एक लाल फुली पुसली आणि उघडं दुकान बघून हिरवी खूण केली. पंढरी, वच्छलाबाई, केशवराव, सगळ्यांच्या. गाळे बाराच होते, पुढची भांडणं अजून व्हायची होती, पण आज सगळे चालू दुकानदार झाले. भागाबाईच्या दुकानासमोर साहेब थांबला. माणसाला खूण करून त्यानं तिच्यावरची हिरवी पुसायला लावली.

"अम्मा, इसका इन्क्वायरी होगा," तो खाली बघत म्हणाला. "अभी मैं कुछ नहीं लगा सकता."

"लगावच नको," भागाबाई म्हणाली.

जीप निघून गेली. गल्लीत आनंद व्हायला हवा होता, पण कोणाला हसवेना. वच्छलाबाईनं तिच्यासाठी पाण्याचा ग्लास आणला. भागाबाईनं तो घेतला नाही. ती दुकानात गेली, टांगलेल्या झुली आत घेतल्या, घुंगरमाळा खुंटीवर ठेवल्या, सकाळी लावलेला दिवा तसाच राहू दिला. मग बाहेर येऊन तिनं दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. भर सकाळी, धंद्याच्या वेळी. कुलूप लावलं आणि मोटारसायकल गेली होती त्या बाजूला तोंड करून पायरीवर बसली.

समोर केशवराव उठले. एका डोळ्यानं अजून नीट दिसत नव्हतं, त्यामुळे शटरची कडी त्यांना पटकन सापडली नाही. सापडल्यावर त्यांनी ते खाली ओढलं. मग पंढरीचं पडलं, मग वच्छलाबाईचं. खुणांचा रंग अजून वाळला नव्हता.

कोण गेलं, ते कोणी विचारलं नाही.